हप्ता मूळ गाडीचा, थाट वेगळा

विमा उतरतो तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. लोणंदच्या कांदा बाजारात उभी राहते ती बरेचदा तिची नटलेली थोरली बहीण: फाळके वीतभर उंच, मागे दोन जादा पाटे, पुढे लोखंडी गार्ड आणि नीरेपर्यंत ऐकू जावा असा हॉर्न. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 ला या हौसेचे कौतुक नाही. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी जुळेनासा होईल असा बदल त्याला चालत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी सोय केली.

सीएनजी किटचा मार्ग मात्र मोकळा आहे. परिवहन कार्यालयात नोंद करायची, विमा कंपनीला कळवायचे. जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे किटच्या किमतीच्या 4 टक्के आणि थर्ड पार्टीसाठी 60 रुपये जादा. एवढे वाचवणारा गृहस्थ हिशेबी समजला जातो, तो सर्व्हेअर येईपर्यंत. न कळवलेल्या किटचे पैसे मिळत नाहीत, आणि आग किटमुळेच लागली असेल तर गाडीच्या दाव्यावरही गदा येते.

हप्ता कमी करणारा दागिनाही आहे: एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेले चोरीरोधक यंत्र, तेही फार तर 500 रुपयांनी. मागच्या काचेवरच्या ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ला टॅरिफमध्ये सवलत नाही.