बसता न येणारा घागरा

अंगात घातला की धड बसता येत नाही, काढला की घडी घालता येत नाही आणि पाण्यात बुडवला की कामातून गेला. असा पोशाख दुकानदारानं समोर टाकला तर आपण त्याला कोपरापासून हात जोडू. बॅले नाचणाऱ्या बायकांनी मात्र तो जवळजवळ दोनशे वर्षं जिवापाड सांभाळला आहे. त्याचं नाव टूटू. आपल्याकडे नऊवारी नेसून फड गाजवणारी बाई त्याच लुगड्यात मांडी ठोकून बैठकीची लावणी रंगवते. टूटूवाली बिचारी विंगेत उभी. टेकली की मागची जाळी चुरगळली आणि शिवणारीच्या कित्येक दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

या सगळ्याच्या मुळाशी आहेत पाय. अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्या बायका दरबारी थाटाचे भले थोरले झगे घालत. आत पाय काय करामत करताहेत हे पायांना आणि परमेश्वरालाच ठाऊक. मारी कामार्गो नावाच्या नर्तकीला हे सोसवेना. हवेत उडी घेऊन पाय झपाझप एकमेकांआडून नेण्यात ती पुरुषांच्या तोडीची होती, आणि ते कसब कापडाखाली कुजवण्याची तिची तयारी नव्हती. तिनं झगा आखूड करून पावलं उघडी केली. पॅरिस हादरलं. पॅरिसला हादरायला तेव्हा फार लागत नसे.

टूटूचा खरा जन्म मात्र 12 मार्च 1832 चा. त्या रात्री मारी तालिओनी 'ला सिल्फीड' या बॅलेत वनपरी होऊन रंगमंचावर आली. कमरेला घट्ट आणि खाली पोटऱ्यांपर्यंत फुललेला पांढरा तलम घागरा, आणि ती चवड्यांच्या टोकावर उभी! हे तरंगणं फुकटचं नव्हतं. बापानं, फिलिप्पो तालिओनीनं, तिच्याकडून रोज तासन् तास मेहनत करून घेतली होती. पण वर गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड आणि खाली पांढरं तलम कापड, यापुढे लोकांना घाम कुठला दिसायला? तिच्या नावानं सगळं शहर खुळावलं, आणि 'ला सिल्फीड' नावाचं फॅशनचं नियतकालिकसुद्धा पुढे पॅरिसात निघालं. रशियात तर तिच्या चाहत्यांनी तिचे बॅलेचे जोडे विकत घेऊन, शिजवून, वर रस्सा ओतून खाल्ले म्हणतात. खरंखोटं तो रस्साच जाणे.

गॅसचा उजेड आणि तलम कापड ही जोडी जितकी देखणी तितकीच घातकी होती. मेणकापडाला नाही एवढी घाई या घागऱ्याला पेटायची. कार्तेरों नावाच्या माणसानं तुरटी वगैरे क्षारांच्या पाण्यात कापड बुडवून ते सहज न पेटणारं करण्याची रीत काढली होती आणि सरकारनं ती वापरायचा हुकूमही काढला होता. पण त्या पाण्यातून निघालेलं कापड ताठ आणि कळकट व्हायचं. एमा लिव्ह्री या तरुण नर्तकीनं ते वापरायला साफ नकार दिला. ती खुद्द तालिओनीची लाडकी शिष्या. तालिओनीनं तिच्यासाठी 'ल पापियों' हा बॅले बसवला होता, आणि त्यात फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीनं करपतात. 15 नोव्हेंबर 1862 ला दुसऱ्याच एका प्रयोगाच्या तालमीच्या वेळी एमा जरा बसायला गेली. कापड चुरगळू नये म्हणून तिनं घागरा उचलून झटकला, त्या झोतानं जवळचा गॅसचा दिवा भडकला आणि घागरा पेटला. आठ महिने यातना सोसून ती गेली, वयाची एकविशीही न गाठता. त्या दिवशीच्या पोशाखाची उरलेली लक्तरं पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. मला वाटतं, कपड्यांच्या इतिहासात इतकी जीवघेणी सावरासावर दुसरी नसेल.

तरीही घागरा वर चढायचा थांबला नाही. 1885 साली इटलीची नर्तकी विर्जिनिया झुकी सेंट पीटर्सबर्गला गेली आणि घागरा आखूडच हवा म्हणून अडून बसली. पुढच्या काही वर्षांत इटलीच्या नर्तकी एका पायावर गरागरा गिरक्या घेऊ लागल्या. प्रेक्षकाला आता नुसतं पाऊल पुरेना, गुडघा आणि मांडीही दिसायला हवी होती. घागरा शेवटी कमरेतून आडवा झाला आणि जमिनीला समांतर राहिला.

हा आडवा टूटू जवळून बघण्याजोगा असतो. आत एक चड्डी. तिच्यावर ताठ जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक चुणीदार, खालचा अगदी आखूड आणि वरचा सर्वांत लांब. सगळे थर मधूनमधून सैल टाक्यांनी एकमेकांना बांधलेले, म्हणजे उडी मारताना दहा दिशांना दहा जाळ्या उडायला नकोत. कधीकधी मध्ये पोलादी तारेचं कडं. पाठीला चेनऐवजी आकड्यांच्या रांगा, कारण चेन ऐन नाचात दगा देऊ शकते, आणि आकड्यांच्या दोन-तीन रांगा असल्या की तोच पोशाख जाड-बारीक तिघींना होतो. काटकसर फक्त गृहिणींनीच करावी असं कुठे आहे! ठेवायचा तोही उलटा टांगून, नाहीतर जाळी मान टाकते. आणि धुता येत नाही म्हणून घामाचा वास घालवायला त्यावर चक्क व्होडका फवारतात. नाटक कंपनीच्या खर्चाच्या वहीत हे कोणत्या सदरात मांडत असतील याचं मला कुतूहल आहे.

तारेचं कडं काढून टाकायचं शहाणपण 1950 मध्ये कारिन्स्का या रशियातून अमेरिकेत गेलेल्या बाईंना सुचलं. नृत्यदिग्दर्शक बालान्शिनच्या एका बॅलेत रंगमंचावर इतक्या मुली एकदम यायच्या की कडी एकमेकींवर आपटून एकीचा टूटू दुसरीला ढकलायचा. बाईंनी थर कमी केले, कडं काढलं आणि घागरा मऊ, आपोआप खाली झुकणारा केला. पोशाख शिवणाऱ्यानं नाच बघितलेला असला की असं होतं.

फॅशनवाल्यांनी नाच बघितला, पण नेली ती जाळी. पाय तिथेच ठेवले. 1947 च्या फेब्रुवारीत ख्रिस्तियान दिओरनं बारीक कमर आणि फुगीर घागरे पुढे आणले. त्याच वर्षी तो नृत्यदिग्दर्शक रोलां पेतीच्या बॅलेचे पोशाखही करत होता. दुसऱ्या महायुद्धात कापड रेशनवर मिळालेल्या बायका इतकी उधळण बघून भडकल्या, आणि लवकरच तसेच झगे शिवून घेऊ लागल्या. मग स्वस्त नायलॉनची जाळी आली आणि काम सोपं झालं. आज आपल्याकडे लग्नाच्या घागऱ्याखाली शिंपी जो 'कॅनकॅन' लावतात तो याच गोतातला. नवरी स्टेजवरच्या सिंहासनावर बसते तेव्हा तिचा घागरा छातीपर्यंत का उसळतो आणि करवली तो दोन्ही हातांनी का दाबत असते, याचं उत्तर त्यात आहे.

1998 मध्ये 'सेक्स अँड द सिटी' मालिकेच्या सुरुवातीला नायिका टूटू घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आली आणि बसनं उडवलेलं घाण पाणी अंगावर घेऊन गेली. पोशाखकार पॅट्रिशिया फील्डला तो पाच डॉलरच्या ढिगात सापडला होता. 2024 साली तसला एक टूटू लिलावात 52,000 डॉलरला गेला. माझं मत विचाराल तर टूटूचा मान राखला तो टेनिसपटू सेरेना विल्यम्सनं. 2018 च्या यूएस ओपनमध्ये ती काळा टूटू घालून उतरली आणि अंतिम फेरीपर्यंत धावली. जाळीबरोबर पायही मैदानात आणणारी ती एकटीच.

बाकी आपल्या घरी टूटूचे वंशज आहेतच: वाढदिवसाला आणि स्नेहसंमेलनात मुलींच्या अंगावर चढणारे नेटचे परी-फ्रॉक. हौसेनं जरूर घ्या. फक्त आत सुती अस्तर आहे ना, ते उलटून बघा, म्हणजे पोरगी खाजवत बसणार नाही. आणि दिवाळीत तो फ्रॉक घालून तिला पणत्यांजवळ किंवा फुलबाज्या उडवायला मुळीच पाठवू नका. त्या संध्याकाळी साधा सुती परकर-पोलका घाला. त्यात तिला बसताही येईल.