तीन पायांचं लफडं

काय काय ऐकायला मिळेल, काही नेम राहिला नाही! चांगली शिकलेली, नोकरीत स्थिरावलेली, गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरणारी माणसं शनिवारी दुपारी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, नाहीतर पुण्यात बुधवारातल्या तापकीर गल्लीत काउंटरवर ओणवी होतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "१७० आहे का हो? बीएल? जपानी?" दुकानदार त्यांना आपादमस्तक न्याहाळतो आणि विचारतो, "ओरिजिनल पाहिजे की चालू?" मागे उभ्या असलेल्यांचे कान टवकारतात. घरी सांगून काय आलेत, तर आधारकार्डाची झेरॉक्स काढून येतो!

हा १७० म्हणजे तोशिबाचा २एसके१७० नावाचा ट्रान्झिस्टर. रूप म्हणाल तर काही नाही. काळं प्लास्टिक, एका बाजूने चपटं, खाली तीन पाय. जातीने जेफेट. अंगात गुण एकच, तोंड बंद ठेवण्याचा. रेकॉर्ड वाजवणाऱ्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल बहुधा अर्धा मिलिव्होल्टही भरत नाही. तो कामाचा व्हायचा तर हजारपट फुगवायला हवा, आणि तसं करताना पहिल्या ट्रान्झिस्टरची स्वतःची खरखरसुद्धा हजारपट फुगते. १७० ची खरखर डेटाशीटप्रमाणे दर रूट हर्ट्झला ०.९५ नॅनोव्होल्ट. एवढी कमी, की मंडळी त्याच्यावर पार भाळली.

आणि नेमका तोच बंद झाला! त्याचा पी-चॅनेल जोडीदार २एसजे७४ हासुद्धा गेला. अमेरिकेतल्या नेल्सन पास यांच्या एफ५ अॅम्प्लिफायरमध्ये ही जोडी अगदी दारातच, म्हणजे इनपुटला बसलेली. तो अॅम्प्लिफायर हौसेने घरी बांधणाऱ्यांची दातखीळच बसली. कारण विचाराल तर त्यात कटकारस्थान काही नाही. कारखान्यांना आता भिंगाखाली धरावे लागणारे सरफेस माउंट पार्ट हवेत, तेच खपतात. लांब पायांचे पार्ट मागणारे गिऱ्हाईक म्हणजे आपले हे झेरॉक्सवाले. त्यांच्यासाठी कोण मशीन चालू ठेवणार?

त्यात या लोकांची हाव. एक १७० घेऊन कुणी गप्प बसत नाही. चार समांतर जोडले की खरखर निम्मी होते, हे गणित कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं. झालं! जो तो डझनावारी साठवायला लागला. मग माल संपला की तोतये येणारच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झालं तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. तिथे तोतया एक होता. इथे पाकिटाने मिळतात, वर पाकिटामागे दहा टक्के सूट!

तोतया ओळखायचे यांचे प्रकार ऐकाल तर थक्क व्हाल. गेट आणि सोर्स हे दोन पाय एकमेकांना जोडायचे, ड्रेनला नऊ व्होल्टची बॅटरी द्यायची आणि मध्ये मल्टिमीटर घालून किती मिलिअँपिअर वाहतात ते बघायचं. या करंटप्रमाणेच १७० चे गट पाडलेले असतात: जीआर असेल तर २.६ ते ६.५, बीएल असेल तर ६ ते १२, व्ही असेल तर १० ते २०. अंगावर बीएल लिहिलंय आणि काटा एकावरच रेंगाळतोय, की समजावं. पण मुरलेला तोतया ही परीक्षाही पास होतो. मग कपॅसिटन्स मोजतात. खऱ्या १७० च्या पोटात चिप ऐसपैस असते, कारण खरखर कमी करण्याचा तोच मार्ग. त्यामुळे त्याचा इनपुट कपॅसिटन्स ३० पिकोफॅरडच्या आसपास भरतो. भलत्याच किरकोळ जेफेटवर नाव छापलेलं असेल तर तो इथे उघडा पडतो. एवढ्यानेही समाधान झालं नाही, तर घरातलं नेलपॉलिश रिमूव्हर पळवून छपाई घासून बघतात. घरच्या बाईंना वाटतं, बाटली मोलकरणीने सांडली.

दुसरी जात बायपोलरवाल्यांची. यांचा जुना जपानी प्रीअॅम्प बंद पडतो, आत २एससी२२४० निघतो आणि तोही आता बाजारात नाही. "त्यात काय, बीसी५५०सी टाक की! तोही लो नॉइझ, तोही एनपीएन," असं सांगणारा एक शहाणा प्रत्येक टोळीत असतो. सल्ला तसा चुकीचा नाही, अर्धवट आहे. चपटी बाजू आपल्याकडे धरली तर जपानी गृहस्थाचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. आणि बीसी५५० चे कलेक्टर, बेस, एमिटर. त्याच भोकांत सरळ खुपसला की एकही पाय आपल्या घरी जात नाही! म्हणून मग पायांना स्लीव्ह घालून, एकमेकांवरून वळवून तो बोर्डावर असा तिरका उभा करतात की बघवत नाही. बरं, पाय जुळवले तरी २२४० सोसतो १२० व्होल्ट आणि बीसी५५० सोसतो ४५. सर्किटात त्याच्या वाट्याला साठ-सत्तर व्होल्ट येत असतील तर खरखर कायमचीच थांबली म्हणून समजा. गाण्यासकट!

पण खरा बोभाटा व्हावा अशी गोष्ट पुढेच आहे. कमी रोधाच्या सिग्नलला बायपोलर ट्रान्झिस्टरची जी खरखर बाधते, ती बरीचशी बेसच्या आतल्या रोधातून येते. रोहमच्या २एसबी७३७ चा हा रोध फक्त २ ओहम होता, म्हणून त्याची महती. तोही अर्थात बंद. आणि त्याच्या तोडीला कोण यावं? झेडटीएक्स८५१! पाच अँपिअरचा करंट चालू-बंद करायला जन्मलेला, ऑडिओशी काडीचा संबंध नसलेला पार्ट. हॉरोविट्झ आणि हिल यांच्या 'द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स' या ग्रंथाच्या २०१५ च्या आवृत्तीत ट्रान्झिस्टरांची मोजमापं आहेत, त्यात हे महाशय जेमतेम दोन ओहमांच्या आसपास निघाले. 'लो नॉइझ' म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी जणांची तोंडं पाहण्यासारखी झाली असतील!

जेफेटच हवा असा हट्ट असेल तर तोही पुरवता येतो. अमेरिकेतली लिनियर सिस्टिम्स कंपनी एलएसके१७० बनवते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने जेएफई१५० काढला, खरखर ०.८ नॅनोव्होल्ट, म्हणजे थोरल्यांपेक्षाही कमी. फक्त तो सरफेस माउंट, बारक्या अॅडॉप्टर बोर्डावर डाग द्यावा लागतो. एवढं सांगितलं की मंडळी नाक मुरडतात. "त्याला तो साउंड नाही." म्हणजे ज्याची ख्याती आवाज न करण्याची, त्याच्याच आवाजाच्या आठवणीने हे गहिवरतात!

आणि आता आणखी एक आतली बातमी. यातल्या निम्म्यांकडे मूव्हिंग कॉइल नाहीच, साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज आहे. त्याच्या कॉइलचाच रोध सातशे ओहम धरा. त्याची स्वतःची खरखर ३.४ नॅनोव्होल्ट. त्यापुढे ०.९५ चा खानदानी ट्रान्झिस्टर लावा नाहीतर २ चा बाजारू लावा, एकूण फरक पडतो जेमतेम एक डेसिबल. आणि वाजवणार काय, तर जुन्या बाजारातून आणलेली, खोबणीत धूळ बसलेली रेकॉर्ड. तिचा चरचराट या सगळ्यांना पुरून उरतो.

तेव्हा खरेदीआधी कार्ट्रिजचा रोध पत्रकात बघावा. दहा-वीस ओहम असेल तर खुशाल काउंटरवर ओणवं व्हावं. शेकड्यांत असेल तर त्या पैशांत एक चांगला कार्बन फायबरचा ब्रश घ्यावा आणि रेकॉर्ड पुसावी, खरखर जास्त कमी होईल. एवढं फक्त त्या लोकांत बोलू नका, वाळीत टाकतील. आणि बोललातच, तर कुणी सांगितलं म्हणून माझं नाव घेऊ नका. मला अजून चार १७० मिळायचे आहेत.