जमा केलेलं हत्यार परत कशाला?

निवडणूक लागली की नांदेड-लातूरच्या पोलीस ठाण्यांत परवानाधारकांची रीघ लागते. ठाणे अंमलदार रिव्हॉल्व्हरवरचा क्रमांक परवान्याशी ताडून बघतो, काडतुसं मोजून घेतो, पावती देतो. 2024 मध्ये हे दोनदा झालं, आधी लोकसभेला, मग विधानसभेला. निकाल लागला की पावती दाखवायची आणि हत्यार कमरेला लावून घरी जायचं.

परत कशाला?

सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा होत नाहीत. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. तिची नजर आधी जाते ती जामिनावर सुटलेल्यांकडे, गुन्हे नोंद असलेल्यांकडे, पूर्वी दंगलीत नाव आलेल्यांकडे. अशा माणसाच्या हाती मतदानाच्या काळात बंदूक नको, हे सरकारला पटतं. मग निकालानंतरच्या आठवड्यात तोच माणूस भरवशाचा कसा होतो? ही आयती तयार झालेली यादी कपाटात टाकून देणं हा मला प्रशासनाचा गुन्हाच वाटतो.

शेजारच्या बीडमध्ये काय झालं ते पाहा. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यात गोळी झाडली गेली नव्हती. पण त्यानंतर हवेत बार काढणाऱ्यांचे व्हिडिओ बाहेर आले, जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा बाराशेच्या वर असल्याचं लोकांना कळलं, आणि मग फाइली उघडून परवाने रद्द व्हायला लागले. ज्या शस्त्र कायद्याने ते रद्द झाले तो 1959 चा. अधिकार तेव्हापासून होते, वापरायला एक माणूस मरावा लागला. नांदेड-लातूरनेही तेवढी वाट पाहायची का?

‘स्वसंरक्षण हा आमचा हक्क आहे,’ असं म्हणणारे भेटतात. जगण्याचा हक्क आहे, बंदुकीचा नाही. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली होती. बाबासाहेबांनी विरोध केला. ज्याला त्याला बाजारातून हवं ते हत्यार आणता आलं तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती पडली. नांदेडच्या हजूर साहिबला येणाऱ्या शीख भाविकाच्या कृपाणाला 25 व्या कलमात जागा मिळाली, ती धर्माचा भाग म्हणून. कंबरेच्या पिस्तुलाला तसं कुठलंही कलम नाही.

अमेरिकेत उलट आहे. तिथे 1791 पासून घटनेतच हक्क आहे. जून 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कला सांगितलं की बंदूक घेऊन बाहेर पडणाऱ्याला ‘तुला खास गरज काय’ असं विचारता येणार नाही. तिथे आज माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. जपानमध्ये वर्ग, लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी, आणि एवढं करून मिळते ती शिकारीची किंवा खेळाची बंदूक, पिस्तूल नाहीच. दरवर्षी ती पोलिसांना नेऊन दाखवायची. ऑस्ट्रेलियाने 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेल्यावर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारण परवान्यासाठी चालणार नाही असं ठरवलं. आपल्याकडे मात्र अर्जावर हेच कारण सर्रास लिहिलं जातं.

मला मान्य आहे की खरा मारेकरी परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. 5 एप्रिल 2022 ला नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या. शहर हादरलं, व्यापारी धास्तावले, ती धास्ती खोटी नव्हती. पण दबा धरून आलेल्यापुढे कमरेचं पिस्तूल काढायला कितीसा वेळ मिळतो? 2018 च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात लोकांकडे 7 कोटींहून जास्त बंदुका आहेत, नोंद एक कोटीच्याही आत. गावठी कट्टा मध्य प्रदेशच्या सीमेवरून येतो हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक आहे. तो अडवणं हे पोलिसांचं काम, आणि त्यांना ते जमत नाही म्हणून लग्नात फेटा बांधायला हात वर केला की सदऱ्याखालून दिसणारं पिस्तूल हा त्यावरचा उपाय होत नाही. ते पिस्तूल समोरच्या भावकीला, मजुराला, ग्रामसेवकाला दिसावं म्हणूनच तिथे असतं. जमिनीचा वाद घेऊन आलेला गरीब शेतकरी ते बघतो आणि गप्प बसतो. त्याने तक्रार केलीच नाही, तर ती कुठल्या आकड्यात येणार?

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या. हर्षाने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. ते चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, तिथे माझा आक्षेप आहे. पाच वर्षांत माणूस बदलतो, गावातली वैरं बदलतात. निदान नूतनीकरणाच्या वेळी तरी जिल्हाधिकाऱ्यांनी छाननी समितीची ती यादी शेजारी ठेवावी, धोका अजून आहे का हे ठाण्याकडून नव्याने लिहून घ्यावं, आणि कोणत्या तालुक्यात किती परवाने कोणत्या कारणाने दिले तो तक्ता कार्यालयाच्या फलकावर लावावा.