साबण गुहागरातही मिळतो

रेवसपासून रेडीपर्यंत कोकणचा सागरी मार्ग सायकलने करायचं ठरलं की घरातून निघायच्या आधीच मंडळींचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ ‘असू द्यावं’वाल्यांचा. हे लोक टॉर्च घेतात, टॉर्चचे जादा सेल घेतात, सेल ओले झाले तर म्हणून मेणबत्ती आणि मेणबत्ती पेटवायला दोन आगपेट्या घेतात, कारण एक दमट झाली तर? दुसरा पंथ ग्रॅमवाल्यांचा. यांच्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा कायमचा सायकलच्या खोलीत आलेला असतो. टूथब्रशचा दांडा अर्धा कापायचा, बनियनवरचं लेबल उसवायचं, टायटॅनियमच्या चमच्याला जमेल तिथे भोक पाडायचं, अशी यांची साधना. कापलेल्या दांड्यातून वाचलेले सहा ग्रॅम मालवणात सोलकढीच्या पहिल्याच वाटीत व्याजासकट परत येतात, हा हिशेब मात्र कुठल्याही तक्त्यात मांडलेला दिसत नाही. दोन्ही पंथांची भांडणं जोरात चालतात; पण एक मोजतो जड आणि दुसरा मोजतो हलकं, म्हणजे तराजू दोघांच्या हातात तोच. माझं म्हणणं असं की सामान निवडायला तराजू हे हत्यारच चुकीचं आहे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारायचं: ही पुढच्या गावातल्या दुकानात मिळते का? मिळत असेल तर घ्यायची नाही, मग ती कितीही हलकी असो. मिळत नसेल आणि तिच्यावाचून अडणार असेल तर घ्यायची, मग कितीही जड असो.

यावर ग्रॅमवाले लगेच चढ दाखवतील, आणि चढ खोटा नाही. नकाशात किनाऱ्याला लागून धावणारा हा पाचशे किलोमीटरहून लांब रस्ता कागदावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी समुद्रसपाटीला येतो, लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर दम खाऊ देतो न देतो तोच पुढच्या खाडीत उतरतो. हे दिवसभर चालतं. समजा, सगळे चढ मिळून सहा हजार मीटर झाले. एक किलो जादा सामान तेवढं वर न्यायला लागणारं काम साधारण ५९ किलोज्यूल. माणसाचं शरीर खाल्लेल्या अन्नापैकी जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचवतं, असं धरलं तरी खर्च साठ किलोकॅलरीच्या आतला, म्हणजे एका उकडलेल्या अंड्याहूनही कमी. टायरचं घर्षण त्यात मिळवलं तर एका पोळीत भागतं. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो असतील तर एक किलोने चढाचा वेळ सुमारे एक टक्का वाढतो. तासाच्या चढाला अर्धा-पाऊण मिनिट. तेवढा वेळ तर चढावरच्या टपरीवर ‘कुठून आलात? एवढ्या लांबून? सायकलने? का?’ या चार प्रश्नांची उत्तरं देण्यातच जातो. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या मध्ये चहाही येतो.

मग ‘असू द्यावं’वाले जिंकले का? अजिबात नाही. कारण सामान नुसतं चढवायचं नसतं, शोधायचंही असतं. चौदा वस्तूंमधून पंक्चरचा डबा लगेच हाताला लागतो. सत्तर वस्तूंमधून तो लागेपर्यंत रस्त्याच्या कडेला अख्खं बिऱ्हाड मांडावं लागतं, आणि येणाराजाणारा ‘भाव काय?’ म्हणून थांबतो. शिवाय या मार्गावर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी आहेत. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा, मागे मोटारींची रांग, पुढे शिट्टी मारणारा बोटीवरचा माणूस. तिथे डगमगणारी सायकल सांभाळताना एक किलोची किंमत एका पोळीत मोजता येत नाही. एकेक किलोचा हिशेब बरोबर आहे, पण सामान कधी एकट्या किलोने येत नाही. ते नातेवाइकांसकट येतं: स्टोव्ह आला की भांडं येतं, भांडं आलं की चिमटा, आणि चिमट्यामागून पोह्यांची पिशवी.

आता दुकानाची कसोटी लावून बघा. साबण, तेल, बिस्किटं, ओडोमॉस, सुतळी, मेणबत्ती, टॉवेल, प्लॅस्टिकचा रेनकोट, डोकेदुखीची गोळी: श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला, कुठेही उतरा आणि मागा. ‘असू द्यावं’वाल्याची निम्मी पिशवी म्हणजे एखाद्या किराणा दुकानाची अनधिकृत शाखा असते. गंमत अशी की जे तिथे कधीच मिळणार नाही, नेमकं तेच घरी राहतं. गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर घ्या. अॅल्युमिनियमचा हा बोटभर तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो, म्हणजे सायकल पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा. दर फ्रेमचा आकार निराळा, आणि असे आकार शेकड्यांनी. एकाचा दुसऱ्याला बसत नाही, त्यामुळे तुमच्या सायकलचा हँगर राजापुरात मिळण्याची शक्यता शून्य धरावी. तीच गोष्ट तुमच्या डिस्क ब्रेकला बसणाऱ्या पॅडची, चेनच्या जोडकडीची आणि नेमक्या लांबीच्या दोन स्पोकची. गावातला पंक्चरवाला भल्याभल्या इंजिनीअरपेक्षा हुशार असतो, पण त्याच्या पंपाचं तोंड बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी लागणारी पितळी टोपी करंगळीच्या नखाएवढी आणि वजनाला नगण्य. ती नसेल तर सायकलवर असलेल्या बाकीच्या सगळ्या सामानाचा उपयोग फक्त त्यावर बसून वाट बघण्यापुरता. पॅडवाल्या चड्ड्यांचंही तेच. गुहागरात चड्ड्या मिळतात, पॅडवाल्या मिळतीलच असं नाही. दोन न्याव्या, एक अंगात, एक दोरीवर. सुती मात्र नको, कोकणच्या दमट हवेत सुती कपडा रात्रभर वाळत नाही आणि सकाळी आपल्यालाच तो वाळवत फिरावं लागतं. चष्म्याचा जादा जोड आणि नेहमीची औषधं यांनाही कसोटी हाच निकाल देते.

हे सगळं भरायचं कशात, यावर जाणकार तासन् तास बोलू शकतात. मागे कॅरिअर लावून दोन बाजूंच्या पॅनियर घेतल्या तर सुमारे चाळीस लिटर जागा मिळते. सीटखालची, फ्रेममधली आणि हँडलवरची अशा तीन पिशव्यांत पंचवीसेक लिटर. डांबरी रस्त्यावर कॅरिअर वाईट नाही, कच्च्या वाटेवर त्याचे स्क्रू सैल होतात, एवढाच फरक. तरी माझा कौल पंचवीस लिटरला, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही: पिशवीत जागा रिकामी राहिलेली मराठी माणसाला बघवत नाही. चाळीस लिटर मिळाले की तो चाळीस भरतोच. जड हत्यारं आणि पाणी फ्रेममध्ये, खाली, कपडे सीटखाली. उलटं केलं तर सीटखालची पिशवी उभं राहून पॅडल मारताना बैलाच्या शेपटीसारखी डावी-उजवी हलते. पाठीवर सॅक मुळीच नको. तिचा भार थेट बुडावर येतो, आणि त्या ठिकाणाने आधीच तक्रार नोंदवलेली असते.

आक्षेप असा येईल की हे कोकणात ठीक, मनाली-लेहला काय? तिथेही कसोटी तीच, उत्तर वेगळं. तांदीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे, तंगलंग ला पाच हजार तीनशे मीटरच्या वर, आणि मोसमाबाहेर सरचू-पांगचे तंबूढाबेही नसतात. तिथे गरम स्लीपिंग बॅग विकत मिळत नाही, म्हणून ती न्यायची. दिवेआगरला, जिथे दर दुसऱ्या फाटकावर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ लिहिलेलं असतं, तीच बॅग नेणं म्हणजे घाम गाळायचं भाडं आगाऊ भरणं. तंबूचंही तसंच. डिसेंबरअखेर खोल्या भरतात हे खरं, पण त्यावरचा इलाज दोन किलोचा तंबू नसून एक फोन आहे.

‘पण पूर्वीचे लोक?’ असं विचारणाऱ्यांसाठी दोन दाखले. थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलवर जगभ्रमणाला निघाला तेव्हा त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, तंबूचंही काम करणारा रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर होतं. लाहोर ते कलकत्ता तो ग्रँड ट्रंक रोडने आला. आणि १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जग पालथं घालायला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. हे सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते, तेव्हा वजनाबद्दल बोलायचा अधिकार कुणाला असेल तर त्यांना.

तुमचा बेत कोकणचा असेल तर हँगर दोन घ्या, साबण एकही नको, आणि फेरीबोटींच्या वेळा आदल्या दिवशी गावात विचारून ठेवा. दाभोळची शेवटची बोट चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला चिपळूणवरून वळसा घालून जावं लागतं.