उशिरा उठणाऱ्याची पहाट

पहाटेच्या निसर्गचित्राला दाद द्यायची तर माणूस उशिरा उठणाराच हवा, असं माझं ठाम मत आहे. मेढ्यात पहाट रोज होते. वेण्णेवर धुकं उतरतं, किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली डेअरीकडे धावतात, साताऱ्याची एसटी निघते. ही सगळी ऐकीव माहिती. पण मला भिंतीवरच्या पहाटेसमोर उभं करून बघा! हाताची घडी, मान किंचित तिरकी, एक पाऊल मागे आणि सावकाश, "हं... काय उजेड आहे!" त्यातला 'हं' मी आरशासमोर घोटून घेतलेला आहे.

त्यात मोने निघाला की मी आवरत नाही. क्लोद मोनेने 1872 मध्ये ल हाव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. 1874 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एका टीकाकाराने त्याची टर उडवली आणि त्या टिंगलीतूनच इम्प्रेशनिझम हे नाव रूढ झालं. 1985 मध्ये चित्र चोरीला गेलं, 1990 मध्ये कॉर्सिकात सापडलं. इथवर आलो की मी मोबाईल काढतो. त्या चित्राचा फोटो कृष्णधवल केला की नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! तो भोवतीच्या करड्या आभाळाइतकाच उजळ आहे; फरक फक्त रंगाचा. हा प्रयोग मी लग्नाच्या पंगतीत केलाय, एसटीत केलाय, एका दहाव्यालाही केलाय. बायको म्हणते, "त्याला मोने कशाला? तुम्ही नऊपर्यंत झोपून रोज सूर्य नाहीसा करताच की."

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ल हाव्रचा सूर्य ऐकायला पंगत थांबते. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं नाव काढलं की लोक मठ्ठा मागतात. हा माणूस जे. जे.त शिकला, 1888 मध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळवलं, शाहू महाराजांचा दरबारी चित्रकार झाला आणि कोटितीर्थाच्या काठी बसून तिथलंच पाणी, तिथलाच उजेड रंगवत राहिला. 1922 मध्ये महाराज गेले, 1931 मध्ये आबालाल. ढीगभर काम केलं, त्यातलं थोडंच उरलं. त्यांच्याबद्दल मला चोरीचा किस्सा सांगता येत नाही, मोबाईलची जादू दाखवता येत नाही. नुसतं बघावं लागतं, आणि तेवढ्यासाठी कुणी थांबत नाही.

अंबाबाईला तुम्ही जाताच. तिथून टाउन हॉल संग्रहालयात डोकवा, आबालालांची चित्रं तिथे आहेत. पहाटे उठावं लागत नाही. सोमवार तेवढा टाळा.