चोर वायर, फाशी लिनक्सला

लिनक्सवर बाहेरची हार्डडिस्क दिसेनाशी झाली की पंचनामा होत नाही, थेट निकाल लागतो: "तरी सांगत होतो, विंडोज टाक!"

आरोपी मात्र केव्हाच सगळं सांगून बसलेला असतो. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' लिहा, कर्नलची रोजनिशी उघडते. डिस्क कधी लागली, कधी तुटली, सेकंदासकट नोंद. 'एरर मायनस ७१' म्हणजे बोलण्यात गडबड. 'मायनस ११०' म्हणजे डिस्कने वेळेत उत्तरच दिलं नाही. पण वाचतो कोण? वाचलं तर वायर बदलावी लागेल, आणि ती वायर तर "अगदी चांगली" असते. मोबाइल चार्ज होतो ना तिच्यावर!

वायर निर्दोष सुटली, तर संशय विजेवर धरा. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर माऊस, कीबोर्ड, छोटा पंखा आणि वर ही फिरती डिस्क. ती टकटक करते, गप्प होते, पुन्हा टकटक करते. मालक म्हणतो, ड्रायव्हर खराब.

विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची तऱ्हा आणखी न्यारी. विंडोजवरून डिस्क 'इजेक्ट' न करता उपटली, तर तिच्यावर 'डर्टी' शिक्का राहू शकतो. लिनक्सचा एनटीएफएस३ ड्रायव्हर अशा डिस्कवर जबरदस्तीशिवाय लिहू देत नाही. घाण तिकडची, बोलणी इकडे. विंडोजवर जाऊन 'चेकडिस्क' चालवा, मिटलं.

वायर, पोर्ट बदलूनही त्याच सेक्टरच्या नंबरापुढे 'आय/ओ एरर' येत राहिला, तर मात्र डिस्कच आजारी आहे. नेमके इथेच आमचे शूरवीर 'एफएसचेक' चालवतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दुरुस्तीचं हे हत्यार डिस्कवर लिहितं. मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलासुरला डेटाही घालवणं. आधी 'डीडीरेस्क्यू'ने धडधाकट डिस्कवर प्रत काढा, दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करा.

तेव्हा क्रम पाठ करा: डीमेसेज, वायर, पोर्ट, प्रत, मग दुरुस्ती. लिनक्सला शिव्या त्यानंतर घाला. आणि लग्नाचे फोटो त्या एकाच डिस्कवर असतील, तर हे सदर बाजूला ठेवा आणि आधी दुसरी प्रत काढा.