खरखरीचे माहात्म्य

औशातल्या आमच्या एका स्नेह्यांनी नुकताच रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्याबद्दल त्यांचे जाहीर अभिनंदन. मोबाइलवर फुकट आणि अखंड वाजणारे गाणे ऐकण्यात कसला आलाय पुरुषार्थ? विनाइलची तबकडी पाकिटातून अलगद काढावी, मखमली ब्रशने पुसावी, श्वास रोखून सुई टेकवावी, तेव्हा आधी खरखर आणि मग स्वर. वीस-बावीस मिनिटांत बाजू संपली की मांडी मोडून उठावे, तबकडी उलटावी, पुन्हा बसावे. स्नेह्यांचे म्हणणे एकच : कष्टाने मिळालेल्याचीच गोडी.

हा सिद्धान्त आमच्या जिल्ह्याने आधीच सिद्ध केला आहे. 2016 साली लातूरने थेट मिरजेहून रेल्वेने पाणी मागवले. चोवीस तास नळ असणाऱ्यांना त्या घोटाची चव काय कळणार? त्याला ‘विनाइल पाणी’ म्हणून दर लावायचे तेवढे राहून गेले. रस्त्यांवरच्या खड्ड्यांनाही यापुढे खरखरच समजावे. गुळगुळीत प्रवासात आत्मा नसतो.

परवा स्नेह्यांनी मैफलीला बोलावले. दिवे मंद केले, सुई टेकवली. स्वर लागतो न लागतो तोच वीज गेली. तबकडी कण्हत कण्हत थांबली. अंधारात कुणी बोलेना. शेवटी कोपऱ्यातून त्यांच्या आई म्हणाल्या,

“तुज्या आज्याचा चावीचा फोनो म्या भंगारवाल्याला लसणावर दिला. त्येला लाईट लागत नव्हती.”